खिशात कोणतं मल्टिटूल ठेवता?

भटका_जीव
मंडळी, हा धागा काढायचा काढायचा म्हणत दोन वर्षं गेली. परवाच्या भटकंतीत शेवटी वेळ आलीच. रात्री वाऱ्याने तंबूच्या खांबाचा एक तुकडा सांध्याजवळ वाकला आणि तडकला. माझ्याकडे साधा घडीचा चाकू, सोबत्याकडे तोही नाही. दोन दगडांत धरून खांब सरळ करायला गेलो आणि होता त्याहून वाकवून ठेवला. तंबू रात्रभर एका बाजूला मान टाकून उभा होता. आम्हीही जवळपास तसेच.

तर आता मल्टिटूल, म्हणजे अनेक हत्यारं एकात घडी होऊन बसणारी वस्तू, घ्यायचंच. महिन्यातून एक-दोनदा डोंगर, बाकीचे दिवस ऑफिस आणि घरातली किरकोळ कामं. यादीत सध्या चार आहेत: लेदरमन वेव्ह प्लस, लेदरमन स्केलेटूल, व्हिक्टोरिनॉक्सचं स्पिरिट आणि त्यांचाच लाल हंट्समन. पक्कडवालं घ्यावं की चाकूवालं? पात्याला लॉक हवंच का? रोज खिशात किती वजन सहन होतं? किमतीचं काढू नका, ते मी आणि माझा खिसा बघून घेऊ. वापरलेल्यांनी लिहा. यूट्यूबवरचे सगळे व्हिडिओ पाहून झालेत आणि डोक्याचा पार भुगा झालाय.

मूक_वाचक
जागा धरून ठेवतो.

तिरकस
एक ना धड, भाराभर चिंध्या. मल्टिटूलमधली पक्कड ही बरी पक्कड नसते, करवत ही बरी करवत नसते आणि स्क्रूड्रायव्हरबद्दल तर बोलायलाच नको. घरात हत्यारांची पेटी ठेवा, डोंगरावर चाकू न्या. विषय संपला.

नटबोल्ट
तिरकसभाऊ, पेटी पाठीवर घेऊन डोंगर चढणारा माणूस अजून पाहिला नाही. तुम्ही चढलात तर फोटो टाका.

भटकेबुवा, या दोन घराण्यांचा जन्म कसा झाला ते बघितलं तर तुमचं निम्मं उत्तर तिथेच आहे. व्हिक्टोरिनॉक्सचं घराणं म्हणजे स्विस चाकू, आणि तो सैनिकांसाठी आला. त्यांना १८८९ ची नवी रायफल मिळाली होती, ती खोलायला स्क्रूड्रायव्हर लागायचा आणि डबे उघडायला ओपनर. कार्ल एल्सेनरने १८९१ मध्ये सैन्याला चाकू पुरवायला सुरुवात केली. पण तो जड होता. मग त्याने एकाच स्प्रिंगवर दोन्ही बाजूंची हत्यारं तोलायची युक्ती काढली आणि १८९७ मध्ये हलका 'ऑफिसर' चाकू नोंदवला. आजही लाल चाकू उघडून पाहा, मधल्या त्याच स्प्रिंगच्या एका अंगाला पातं आणि दुसऱ्या अंगाला बूच काढायचा स्क्रू दिसेल. पातळ चाकूत एवढं सामान मावतं ते त्यामुळे.

लेदरमनची गोष्ट वेगळी. टिम लेदरमन १९७५ मध्ये बायकोबरोबर जुन्या फियाट ६०० मधून युरोप आणि मध्यपूर्व फिरत होता. गाडी सारखी रुसायची, हॉटेलांतले नळ गळायचे. खिशात स्काउटचा चाकू होता, पण दर वेळी अडायचं ते पकडीवाचून. घरी येऊन गॅरेजमध्ये बसला, १९८० मध्ये पेटंट मिळालं आणि पहिलं हत्यार बाजारात यायला १९८३ उजाडलं. आठ वर्षं!

म्हणजे कापायची, उघडायची, टोचायची कामं जास्त असतील तर लाल घराणं. धरायची, पिळायची, ओढायची असतील तर पक्कड. तुमचं काय जास्त होतं ते तुम्हालाच ठाऊक.

गुळगुळीत_दगड
नटबोल्ट +१. आठ वर्षांवर एक आठवलं. माझा मेहुणा सात वर्षं 'कोणतं घेऊ' हेच विचारतोय. पेटंट मागू शकेल.

मावशी_नंबर_१
मी या धाग्यावर काय करतेय असं वाटेल, पण लिहितेच. किल्ल्यांच्या जुडग्यात बारा वर्षं तो छोटा व्हिक्टोरिनॉक्स क्लासिक आहे. ५८ मिलिमीटर, २१ ग्रॅम. कपड्यांचे टॅग, गोळ्यांची पाकिटं, कुसळ, सुटलेला दोरा, पार्सलची चिकटपट्टी, सगळं त्याच्यावर. घरात दोन पुरुष कमरेला मोठमोठी हत्यारं लावून हिंडतात आणि काही कापायचं झालं की "अगं, तुझी ती कात्री दे गं जरा."

रोज लागते ती कात्री. पक्कड लागते वर्षातून तीनदा, आणि तेव्हा ती गाडीत राहिलेली असते.

तिरकस
मावशी, तुमच्याशी बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत). धाग्यावरचं पहिलं शहाणपणाचं वाक्य.

मावशी_नंबर_१
अरे वा, आज सूर्य कुठून उगवला?

जुनी_कानस
तीस वर्षं फिटर म्हणून काम केलं, म्हणून दोन शब्द. लांबेल, आधीच सांगतो.

कितीही चांगली असली तरी मल्टिटूलची पक्कड घडीची असते. घडीच्या वस्तूत जोर बिजागरीवर येतो. दाबायला ती चालते, पिळायला नाही. नटाला धरून आडवा हिसका दिला की जबड्याचं टोक तरी जातं किंवा खिळ ढिली होते. मी स्वतः एकाचे जबडे असेच तोडलेत. कंपनीचं नाव घेत नाही, कारण चूक माझी होती. गंजलेल्या नटाला पानाच लावायचा असतो, हे मला कळायला हवं होतं.

तार कापायचंही तसंच. मऊ तार, तांब्याची तार खुशाल कापा. कडक केलेली पोलादी तार कापलीत तर कटरच्या धारेत खाच पडेल. वेव्ह प्लसचे कटर बदलता येतात, ही त्याची मोठी जमेची बाजू. बऱ्याच जणांत ती सोय नाही, एकदा खाच पडली की कायमची.

सगळ्यात महत्त्वाचं: या हत्यारांच्या मुठी धातूच्या, त्यावर विजेपासून बचाव करणारं काही नसतं. वर रबर दिसलं तरी भरवसा ठेवू नका. चालू लाइनीवर हे हत्यार चालवायचं नाही. "मेन बंद केलाय रे" असं कोणी सांगितलं तर स्वतः टेस्टरने बघा. हे हसण्यावारी नेऊ नका.

शेवटचा मुद्दा स्क्रूचा. चौफुलीचे स्क्रू सगळे सारखे नसतात. फिलिप्स वेगळा, पोझिड्राइव्ह वेगळा. पोझिड्राइव्हच्या डोक्यावर मोठ्या चौफुलीच्या मध्ये चार बारीक रेघा असतात. जोडायच्या फर्निचरमध्ये तो खूप सापडतो. त्यात फिलिप्सचं टोक घालून जोर लावला की ते उसळतं, स्क्रूचं डोकं खातं, आणि शिव्या बसतात मल्टिटूलला.

चष्मिष्ट
जुनी_कानस, हा प्रतिसाद वाचनखुणेत टाकला.

माझा मुद्दा छोटा, पण चष्मेवाल्यांसाठी जीवनमरणाचा. लाल चाकूतल्या बूच काढायच्या स्क्रूच्या वेटोळ्यात एक इवलासा स्क्रूड्रायव्हर फिरवून बसवता येतो. काही मॉडेलांत तो आधीपासून असतो, बाकीच्यांसाठी सुटा मिळतो. चष्म्याच्या दांडीचा स्क्रू त्याने बसतो. बाटली मी आयुष्यात एकही उघडली नाही, पण ते वेटोळं असल्याशिवाय चाकू घेणार नाही.

सायकलशास्त्री
सायकलवाले कोणी असतील तर त्यांच्यासाठी: वरच्या चारांतलं एकही सायकलला पुरणार नाही. तिथे ४ आणि ५ मिलिमीटरच्या ॲलन की (षटकोनी खाचेच्या बोल्टच्या किल्ल्या) लागतात, डिस्क ब्रेकच्या चकतीला बहुतेक चांदणीच्या आकाराची टॉर्क्स टी-२५, आणि साखळी तुटली तर साखळीची पिन ढकलणारं यंत्र. सायकलचं मल्टिटूल वेगळं घ्या आणि सीटखालच्या पिशवीत टाकून विसरून जा.

एकदा लांब रपेटीत सीटचा बोल्ट ढिला झाला. मित्राने ऐटीत मोठं पक्कडवालं हत्यार काढलं. ॲलन बोल्टला पक्कड कुठून धरणार? पुढचे वीस किलोमीटर मी उभ्याने सायकल मारली.

गुळगुळीत_दगड
उभ्याने वीस किलोमीटर! आणि तो मित्र?

सायकलशास्त्री
तो बसून. हत्यार कमरेला.

भटका_जीव
हसून हसून पुरेवाट. पण लॉकबद्दल कोणीच बोललं नाही?

गुळगुळीत_दगड
मी बोलतो, माझ्या तर्जनीवर पुरावा आहे. बिनलॉकच्या चाकूने जाड पुठ्ठ्यात भोक पाडत होतो. कापत नव्हतो, टोचत होतो, हे लक्षात घ्या. टोक अडकलं, पातं मागे वळलं आणि बोटावर मिटलं. चार टाके. तेव्हापासून लॉक नसलेल्या चाकूला हात लावत नाही.

जुनी_कानस
दगडराव, दुखलं हे खरं, पण दोष लॉक नसण्याचा नाही. भोक पाडायला आरी असते, पातं नाही. लाल चाकूच्या पाठीला ती टोकदार आरी त्याचसाठी दिलेली आहे. फक्त तिलाही लॉक नसतो, म्हणून जोर सरळ रेषेत द्यायचा.

गुळगुळीत_दगड
काका, त्या घाईत आरी कोणाला आठवते? लॉक असता तर बोट वाचलं असतं, एवढंच म्हणतोय.

दूरदेशी
लॉकची दुसरी बाजू. मी ब्रिटनमध्ये राहतो. इथे घडीचा, लॉक नसलेला आणि पात्याची धार ३ इंचांपर्यंत, म्हणजे ७.६२ सेंटिमीटरपर्यंत असलेला चाकू विनाकारणही खिशात चालतो. लॉक आला की सबळ कारण लागतं. वेव्हच्या पात्यांना लॉक आहे, म्हणजे तंबू-डोंगराच्या पिशवीत ठीक, पण शनिवारी बाजारात खिशात घालून फिरलं तर उत्तर द्यावं लागेल. म्हणून माझ्या खिशात बिनलॉकचा आणि सॅकमध्ये लॉकवाला. प्रत्येक देशाचे नियम वेगळे, आपापले बघून घ्या.

तिरकस
म्हणजे कायद्याला चालतो तो बोट कापतो, आणि बोट वाचवतो तो कायद्याला चालत नाही. छान.

नटबोल्ट
रच्याकने (बाय द वे), विमानाचं राहिलं. केबिनच्या सामानात पात्याचं काहीही नेऊ नका, चेक-इनच्या बॅगेत टाका. हे सगळ्यांना माहीत असतं. विसरतो तो किल्ल्यांचा जुडगा.

मावशी_नंबर_१
माझे दोन क्लासिक असेच विमानतळावरच्या डब्यात गेले. दुसऱ्या वेळी तो तपासणीवाला मुलगाच हळहळला. बारा वर्षं म्हटलं ना मी वर, ती तिसऱ्याची.

चष्मिष्ट
विमानात चालत नसला तरी अवकाशात चालतो! १९९५ च्या नोव्हेंबरात अटलांटिस यान रशियाच्या मीर स्थानकाला जोडलं गेलं. मधलं दार इतकं घट्ट बांधून ठेवलेलं होतं की उघडेना. क्रिस हॅडफिल्ड या कॅनडाच्या अंतराळवीराने स्विस चाकू वापरून ते उघडलं.

तिरकस
तिथे पेटी नेता येत नाही, हे मान्य.

आडनावात_काय
स्वस्तातलं कोणतंही घ्या हो. हाकानाका (हाय काय अन् नाय काय). ब्रँडच्या नावाचे पैसे कशाला?

नटबोल्ट
आडनावात_काय, ॲरन रॉल्स्टन आठवा. २००३ मध्ये युटामधल्या घळीत दगडाखाली हात अडकला, पाच दिवसांनी स्वतःचा हात कापून सुटला. त्याच्याकडे होतं ते असंच स्वस्तातलं मल्टिटूल, पातं बोथट. हाड कापता येईना म्हणून आधी मोडावं लागलं. आपल्यावर तशी वेळ येणार नाही, पण धार लागत नाही असं पोलाद खिशात बाळगून करायचं काय?

आडनावात_काय
जेवताना वाचत होतो. आभारी आहे.

जुनी_कानस
पोलादावर थोडं. व्हिक्टोरिनॉक्सचं पातं साधारण ५६ रॉकवेलचं (हे कडकपणाचं माप), मुद्दाम फार कडक ठेवलेलं नाही. लवकर बोथटतं, पण साध्या दगडावर दोन मिनिटांत पुन्हा पाजवता येतं. लेदरमनच्या बहुतेक हत्यारांत ४२०एचसी जातीचं पोलाद असतं, तेही त्याच स्वभावाचं. महागड्या मॉडेलांत एस३०व्ही येतं, ते धार खूप टिकवतं, पण गेली की साध्या दगडावर घासत बसा. आठवड्यातून एकदा दगड हातात घेणाऱ्याला पहिलं बरं. धार लावायचा कंटाळा असेल तर दुसरं. कोन दर बाजूला १५ ते २० अंश.

स्वस्तातलं ओळखायचं कसं? पक्कड मिटून उजेडाकडे धरा. टोकं जुळत नसतील तर ठेवून द्या. हत्यारं उघडून आडवी हलवून बघा, खडखडत असतील तर ठेवून द्या. कात्रीने पातळ कागद टोकापर्यंत कापून बघा. निम्म्यांचा निकाल कात्रीच लावते.

डोंगरमाथा
चारही वापरलेत, म्हणून थेट यादीवर येतो.

वेव्ह प्लस २४१ ग्रॅम. पक्कड न उघडता पाती, करवत आणि कानस बाहेरून एका हाताने निघतात, पण कात्री आत आहे. म्हणजे मावशींच्या कामाला आधी सगळं हत्यार उघडा. पातळ पँटच्या खिशात ठेवलंत तर पँट एका बाजूने खाली येते. म्यान घ्यावं लागतं, आणि म्यान घेतलं की ते खिशातलं हत्यार राहत नाही.

स्केलेटूल १४२ ग्रॅम, दिसायला देखणं, क्लिपने खिशाला अडकतं. पण कात्री नाही, करवत नाही. नवं होतं तेव्हा रोज नेलं, मग मित्राला दिलं. तो खूश आहे. त्याला कात्री लागत नाही.

स्पिरिट दोनशे ग्रॅमच्या आसपास. सगळी हत्यारं बाहेरून निघतात, कात्रीसुद्धा, आणि कडा गोल असल्याने हाताला बोचत नाही. माझ्या मते पक्कडवाल्यांत सगळ्यात सभ्य. लॉक सोडवायची सरकपट्टी मात्र थंडीत बोटांना सापडत नाही.

हंट्समन शंभर ग्रॅमच्या आत. करवत लहान, पण अंगठ्याएवढी फांदी आरामात कापते. पक्कड नाही, लॉक नाही.

बिटांबद्दल: लेदरमनचे बिट चपटे असतात. बाजारातले नेहमीचे षटकोनी बिट त्यात थेट बसत नाहीत, वेगळी दांडी घ्यावी लागते. चपट्या बिटांचा संच घरी आणला की एक हरवतोच, आणि हरवतो तो नेमका लागणारा.

मूक_वाचक
आणि लेदरमनची २०१९ ची ती चुंबकवाली 'फ्री' मालिका?

डोंगरमाथा
एका हाताने उघडमीट करायला मजा येते. इतकी की मीटिंगमध्ये खटखट करू नकोस म्हणून मला ताकीद मिळाली. फक्त चुंबकाला लोखंडाचा कीस चिकटतो, वर्कशॉपमध्ये सारखं पुसावं लागतं.

जुनी_कानस
निगा कोणी लिहिली नाही. खिशातला कापसासारखा कचरा बिजागरीत बसतो आणि हत्यार जड उघडायला लागतं. कोमट पाणी, भांड्याचा साबण, जुना टूथब्रश. पाण्यात उघडमीट करा, पूर्ण वाळवा, मग खिळीवर तेलाचा एकच थेंब. स्टेनलेस म्हणजे गंजतच नाही असं नाही. समुद्राच्या पाण्यात भिजलं तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा.

भटका_जीव
सगळ्यांचे आभार. मधले पंधरा दिवस गायब होतो, कारण नटबोल्ट म्हणाले ते डोक्यात बसलं: काय जास्त होतं ते तुम्हालाच ठाऊक. मला ठाऊक नव्हतं. म्हणून मोबाइलवर नोंद ठेवली, काही कापायची-पिळायची गरज पडली की एक ओळ.

पंधरा दिवसांत एकतीस नोंदी. कात्री किंवा पातं चोवीस वेळा, त्यात पार्सलं अकरा (हो, जरा जास्तच मागवतो). स्क्रूड्रायव्हर चार वेळा, एकदा तर पोझिड्राइव्ह निघाला आणि काकांची आठवण झाली. चिमटा दोनदा. पक्कड एकदा, तीही घरी, पेटी दोन हातांवर असताना.

तेव्हा मावशींच्या चरणी लोटांगण. किल्ल्यांना क्लासिक लावलाय. आणि सॅकमध्ये कायमचं ठेवायला स्पिरिट घेतोय, कारण ती तंबूची रात्र विसरता येत नाही.

तिरकस
पंधरा दिवसांत पक्कड एकदा, तरी पक्कड घेणारच. हौसेला मोल नाही.

भटका_जीव
तंबूच्या खांबाला काय मग कात्री लावू?

रात्रपाळी
धागा आजच पाहिला. भटकेबुवा, तंबूच्या तडकलेल्या खांबाला पक्कड लागतच नाही. त्यावर दुरुस्तीची नळी सरकवतात: खांबापेक्षा किंचित जाड, वीतभर नाहीतर बोटभर लांब. तडकलेली जागा मधोमध आणायची आणि दोन्ही टोकांना चिकटपट्टी गुंडाळायची, झालं. बऱ्याच तंबूंबरोबर ती येतेच. खुंट्यांच्या पिशवीत बघा.

नटबोल्ट
तुकडा वाकलेला असेल तर नळी सरकायला आधी तो सरळ करावा लागतो, आणि त्याला पक्कड लागते. नोंद असावी.

भटका_जीव
खुंट्यांची पिशवी जमिनीवर उलटी केली. बोटभर ॲल्युमिनियमची नळी पडली. दोन वर्षं मी ती प्रत्येक ट्रेकला नेतोय. मला वाटायचं, कोणत्या तरी खांबाचा उरलेला तुकडा आहे.

मावशी_नंबर_१
आणि चिकटपट्टी कापायला काय लागतं ते आता मी बोलत नाही.